तीन पंखे आणि एक शेगडी

बाळांनो, जरा डोळे मिटा. दोन्ही मिटले तर पुढचं वाचता येणार नाही, तेव्हा एकच मिटा. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाला एक गल्ली आहे असं समजा. नाव घाटाखालची गल्ली. एक रिक्षा किंवा एक म्हैस जाईल एवढी रुंद. दोघी समोरासमोर आल्या तर रिक्षा मागं जाते. या गल्लीत शिरल्यावर डाव्या हाताचं तिसरं, निळ्या दाराचं घर तुमचं, असं धरून चाला. का, ते आत्ता विचारू नका. फुकट घर मिळतंय, घ्या.

तुमच्या समोर अनुजा राहते. यंदा नववीत गेली. तिचे वडील हंबीरराव दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतात. यंत्रानं सहा पूर्णांक चार दाखवलं, तर सख्ख्या मेव्हण्याच्या म्हशीलाही सहा पूर्णांक चारच लिहिणारा हा माणूस. गल्लीत त्यांचा मान फार होता आणि उपयोग कुणालाच नव्हता.

अनुजानं एक काम हाती घेतलं होतं. पंचगंगेला पाणी चढू लागलं की अख्खं कोल्हापूर एकच विचारतं, "राजाराम बंधाऱ्यावर किती झालं?" एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका. पण बंधारा बंधाऱ्याच्या जागी आणि आपली पायरी आपल्या जागी. तिकडं एक्केचाळीस झालं म्हणजे आपल्या पायरीवर किती, हे घाटाखालच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीस सालच्या पुरात सगळे "अजून लांब हाय की" म्हणत चहा पीत बसले, आणि मग गॅसच्या टाक्या डोक्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून निघाले. अनुजा तेव्हा दुसरीत होती. वडिलांच्या खांद्यावर बसून बाहेर पडली. त्या उंचीवरून तिनं जे पाहिलं, ते ती विसरली नव्हती.

म्हणून तिनं गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणली आणि गल्लीतल्या एकतीस घरांच्या पायऱ्या मोजल्या. भिंतींवरच्या जुन्या पुराच्या रेघा मोजल्या. खांब, गटार, तारा, दगड, जे दिसलं ते सगळं वहीत उतरवलं आणि मग कॉम्प्युटरात हुबेहूब गल्ली उभी केली. आता तीन मिनिटांची फिल्म करायची होती: बंधाऱ्यावर एकेक फूट चढतोय आणि गल्लीत कुणाच्या दारात पाणी येतंय, ते दिसलं पाहिजे. म्हणजे कुणी कधी घर सोडायचं, ते वेळेत कळेल.

आता गणित ऐका. तीन मिनिटांच्या फिल्मला साडेचार हजार चित्रं लागतात. अनुजाचा जुना कॉम्प्युटर एक चित्र करायला चाळीस मिनिटं घेई. दिवसरात्र चालवला तरी सव्वाशे दिवस. मे संपत आला होता. फिल्म तयार झाली असती दसऱ्याला, म्हणजे पूर येऊन, नुकसानीचे पंचनामे होऊन, चेकवर नाव चुकून आल्यानंतर.

ही अडचण ऐकून पुण्याच्या विश्वजितमामानं आपल्या कॉम्प्युटरातलं ग्राफिक कार्ड पाठवून दिलं, सोबत त्याला लागणारा पॉवर सप्लायचा डबा. विटेएवढं जड, काळं, पाठीला लोखंडी पत्रा, पोटाला तीन पंखे, कडेला सात रंग पालटणारी दिव्यांची पट्टी आणि डोक्यावर वीज घेण्यासाठी आठ-आठ टोकांच्या दोन जागा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं आहे.

ओव्हरक्लॉक म्हणजे काय, ते सांगतो. आपल्या तालमीतला पैलवान रोज हजार जोर काढतो. एखादा वस्ताद त्याच पैलवानाला बाराशे काढायची सवय लावतो. पैलवान तोच, पण दम जास्त. मग खुराक जास्त लागतो आणि घामही जास्त येतो. कार्डाचंही तसंच. कंपनीनंच त्याची गती वाढवून दिलेली असते. त्याचा खुराक वीज आणि घाम म्हणजे उष्णता. तो घाम पुसायला तीन पंखे. हे कार्ड एक चित्र अर्ध्या मिनिटात करी. सव्वाशे दिवसांचं काम दीड दिवसात!

अनुजानं आनंदानं उडी मारली. हंबीररावांनी चष्मा लावून खोकं वाचलं आणि गोष्ट तिथंच बिघडली.

"किमान साडेसातशे वॅट लागतील म्हणून लिवलंय."

"बाबा, ते अख्ख्या कॉम्प्युटरचं धरून. कार्ड एकटं साडेतीनशे खातंय. मधीच एकदम मोठा घास घेतंय, म्हणून सप्लाय मोठा ठेवायला सांगत्यात. आपला गिझर दोन हजारांचा हाय की."

"गिझर कागदावर हाय," हंबीरराव म्हणाले. "हे न्हाय. उद्या वीज कार्यालयात जाऊन रीतसर अर्ज करू."

बाळांनो, घाटाखालच्या गल्लीच्या इतिहासात विजेसाठी आपण होऊन अर्ज करणारे हंबीरराव हे पहिलेच गृहस्थ. बाकीच्यांना वीज वाढवून हवी असली की ते बांबू शोधत.

कार्यालयात खिडकीमागं बाळासो लिपिक बसले होते. "बोला पावणं."

"भार वाढवून पायजे. ग्राफिक कार्ड बसवायचंय."

बाळासोंनी फॉर्म उलटा-सुलटा पाहिला. "उपकरणाच्या रकान्यात दिवा, पंखा, शेगडी, पंप, गिरणी आणि इतर एवढंच हाय."

"मग इतर लिवा."

"इतर लिवलं की फाईल मुंबईला जाते."

"आणि परत कधी येते?"

"जाते म्हणालो की."

बाळासो मनानं वाईट नव्हते. त्यांनी मार्ग काढला. "काय गं पोरी, ह्याला पंखे हाईत का?"

"तीन हाईत."

"झालं तर! तीन पंखे. एका पंख्याला पंच्याहत्तर वॅट, तिन्हीचे सव्वादोनशे. उरले सव्वापाचशे. तापतंय का?"

"ऐंशी अंशांपर्यंत तापतंय."

"मग ती शेगडी." बाळासोंनी समाधानानं शिक्का मारला. "जावा. काम झालं तुमचं."

दहा दिवसांनी पत्र आलं. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण एकाच जागी, एकाच वेळी, परस्परविरोधी हेतूने तीन पंखे व एक शेगडी चालविण्याचा मानस व्यक्त केला आहे. शेगडीने तापवून पंख्याने गार करण्यामागील प्रयोजनाचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

अनुजानं दोन पानी खुलासा लिहिला. अक्षर सुंदर, चित्रासकट. कार्ड चित्रं कशी तयार करतं, गती कशी वाढवलेली आहे, सगळं समजावून सांगितलं. एवढ्या प्रेमानं समजावलं की कार्यालयाला सगळं समजलं. दुसरं पत्र आलं: सदर वस्तू चित्रे तयार करते, अर्थात उत्पादन करते, अर्थात उद्योग आहे, तरी शेजाऱ्यांची ना हरकत जोडावी. तसेच सदर वस्तूची गती वाढविलेली असल्याचे अर्जदाराने स्वतःच कबूल केले आहे. तरी वाढीव गतीबाबत वाहन कार्यालयाचा दाखला जोडावा.

वाहन कार्यालयातल्या माणसानं विचारलं, "चाकं किती?"

"चाकं न्हाईत," हंबीरराव म्हणाले.

"पंखे?"

"तीन."

"मग उजळाईवाडीला इमानतळावर इचारा. पंख्याचं आमच्याकडं येत न्हाय."

हंबीरराव खरोखरच उजळाईवाडीला गेले. तिथल्या पहारेकऱ्यानं त्यांना पाणी दिलं आणि बसस्टॉप दाखवला.

शेजाऱ्यांच्या सह्या मिळवणं त्याहून अवघड निघालं. तीस घरं. प्रत्येक घरात चहा आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न: "सही कशाला मागताय? परवानगी कोण मागतंय का आजकाल?" गल्लीच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह तर उखडलेच.

"हंबीरकाका, येत्या अठ्ठावीस तारखेला आमदारसाहेबांचा वाढदिवस हाय. साऊंडच्या दोन भिंती लावल्यात, लाईट शो हाय. तुमच्या कार्डानं वीज खाल्ली आन् आमचा बेस बसला तर?"

"अरे, साडेतीनशे वॅट रं! तुझ्या एका भिंतीला किती लागतंय?"

"ते आम्ही मोजत न्हाय," उदयसिंह म्हणाले, "म्हणून तर आम्हाला कधी कमी पडत न्हाय."

शेवटी वाढदिवसाच्या बॅनरवर एका कोपऱ्यात आपला फोटो लावून घ्यायला हंबीरराव कबूल झाले, तेव्हा सही मिळाली.

जागेच्या पाहणीला वीज कार्यालयाचे महांतेश साहेब आले, ते नेमके अठ्ठावीस तारखेला. साहेब गडहिंग्लजकडचे, बोलताना शेवटी कानडी 'री' लावणारे, बोलायला गोड. गल्लीच्या तोंडाला खांबावरच्या तारांवर बांबूनं आकडे टाकले होते. त्यांतल्या एका आकड्याची वायर रस्त्यावरून, गटाराच्या कडेनं मांडवापर्यंत गेली होती. दुसऱ्या वायरी घराघरांत शिरल्या होत्या. साहेबांच्या नाकासमोर एक वायर लोंबत होती.

"जरा वर धरा री," साहेब म्हणाले. उदयसिंहांनी काठीनं वायर वर धरली. साहेब वाकून खालून पलीकडे आले आणि त्यांनी वही उघडली. "हं. ग्राफिक कार्ड कुठं आहे?"

अनुजाला राहवलं नाही. "साहेब, ही वायर?"

"ती तात्पुरती आहे बाळ."

"मी दुसरीत असल्यापास्नं हाय."

"असू दे की. कागदावर नाही, त्याची पाहणी कशी करणार? अर्ज तुमचा आहे, म्हणून पाहणी तुमची."

साहेबांनी कार्ड हातात घेऊन वजन पाहिलं, पंखा बोटानं फिरवला, दिव्यांच्या पट्टीबद्दल 'शोभेची रोषणाई' अशी नोंद केली आणि निर्णय होईतो कार्ड सील करायला सांगितलं. हंबीररावांनी स्वतःच आजोबांची जुनी लाकडी पेटी काढून दिली. कार्ड आत ठेवलं, कडीला दोरा गुंडाळला, दोऱ्यावर लाख ओतली, लाखेवर शिक्का मारला. 'सील अभंग असल्याचा दाखला अर्जदाराने दर सोमवारी सादर करावा.' हंबीरराव मान डोलावत होते. अनुजा शिक्क्याकडं बघत होती. बंधाऱ्यावर त्या दिवशी सव्वीस फूट होतं.

संध्याकाळी आमदारसाहेबांच्या वाढदिवसाचा केक कापायच्या क्षणी दोन्ही भिंती एकदम घुमल्या आणि ट्रान्सफॉर्मरनं जीव सोडला. ठिणग्या, धूर, अंधार. अंधारात पहिला आवाज आला तो असा: "अनुजाच्या कार्डानं लाईट घालवली!"

"पेटीत हाय ते!" हंबीरराव ओरडले. "सील केलंय!"

"सील कशाला केलं असतं मग?" कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं.

कार्यालयानंही शास्त्रशुद्ध चौकशी केली. गल्लीतल्या सगळ्या घरांचा कागदावरचा भार धरला तर ट्रान्सफॉर्मरची निम्मी ताकदही लागत नव्हती. प्रत्यक्षात तो जळाला होता. म्हणजे जादा भार कुठून तरी आला. जादा भार मागणारा अर्ज गल्लीतून एकच. सबब, जादा भार श्री. हंबीरराव यांचाच. अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. हंबीररावांनी तो तीनदा वाचला आणि हताश होऊन म्हणाले, "हिशेबात चूक कुठं हाय, तेच सापडंना."

अर्थात जादा भार आहे म्हटल्यावर मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर करणं भाग पडलं. तो आठवड्यात बसला, वीजही आली; लोकार्पणाची तारीख मात्र जुलैच्या दुसऱ्या रविवारची ठरली. फक्त सील काढायचा आदेश राहून गेला, कारण तो आदेश काढायचा तर आधी ट्रान्सफॉर्मर लोकांना अर्पण व्हायला हवा. पाऊस लागला. बंधाऱ्यावर तीस झालं. बत्तीस झालं.

त्या आठवड्यात अनुजानं सील करताना केलेल्या पंचनाम्याचा कागद वडिलांकडून मागून घेतला आणि वडील वाचतात तसा, पूर्णविरामासकट वाचला. लिहिलं होतं, 'पेटीच्या कडीवरील सील तोडू नये.' पेटी फिरवून तिनं मागची बाजू पाहिली. मागं दोन पितळी बिजागऱ्या होत्या. बिजागरीला चार-चार स्क्रू. स्क्रूंबद्दल पंचनाम्यात एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव आंघोळीला गेले आणि ओरडले, "गिझर का बंद?"

"आजउद्या गारच करा बाबा," अनुजा म्हणाली. "इस्त्री न् मिक्सरबी लावायचा न्हाय. घराचा मंजूर भार हाय त्याच्या वर एक वॅट जाऊ द्यायचा न्हाय मला."

"पावसाळ्यात गार पाण्यानं? आजारी पाडतीस काय माणसाला?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. चटणी मात्र तिनं पाट्यावर वाटायला घेतली.

हंबीरराव अंग पुसत बाहेर आले. आतल्या खोलीतून मधमाश्या घोंगावल्यासारखा आवाज येत होता आणि दाराच्या फटीतून सात रंग एकामागून एक बाहेर येत होते. त्यांनी पेटीकडं पाहिलं. सील जागच्या जागी, अभंग. सोमवार होता. त्यांनी कागद घेतला, बराच वेळ पेन हातात धरलं आणि लिहिलं: 'सील अभंग आहे.' मग आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलेल्या प्रश्नापलीकडचं काहीही न लिहिता, खाली सही केली.

दीड दिवसात फिल्म झाली. अनुजानं कार्ड पुन्हा पेटीत ठेवलं आणि आठही स्क्रू घट्ट आवळले.

लोकार्पणाच्या रविवारी भिंतीएवढा एलईडी पडदा लागला. चालत होता अर्थातच नव्या ट्रान्सफॉर्मरवर, नव्या आकड्यानं. उदयसिंह माइकवरून म्हणाले, की ज्या कन्येच्या कार्डामुळं गल्लीला एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर लाभला, तिची फिल्म आता आपण बघूया. महांतेश साहेब पहिल्या रांगेत, गळ्यात हार घालून बसले होते. ते हळूच हंबीररावांकडं वळले. "आणि सील री?"

"अभंग हाय साहेब. दाखला दिलाय."

साहेबांनी मान डोलावली. दाखला असला की त्यांना झोप चांगली लागे.

फिल्म सुरू झाली. गल्ली हुबेहूब. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आमचं घर बघ, आमचं घर!" अडतीस फूट. पाणी घाटाच्या वरच्या पायरीवर. एकोणचाळीस. चाळीस. आणि मग टाळ्या हळूहळू थांबल्या, कारण अनुजानं जे दिसलं ते सगळं उतरवलं होतं. खांब होता. खांबावर आकडे होते. प्रत्येक आकड्यापासून निघालेली वायर कुणाच्या कौलाखालून, कुणाच्या झरोक्यातून कुठं जाते, ते पाच वर्षांच्या पोरालाही समजावं असं दिसत होतं. पाणी कुणाच्या दारात येतंय, हे कुणीच बघत नव्हतं. जो तो आपली वायर बघत होता.

"बंद कर ते!" मागून कुणीतरी ओरडलं. "वायरी काढ त्यातल्या! पुराची फिल्म हाय न्हवं? वायरी कशाला दावतीस?"

महांतेश साहेब उठले. "हे चित्र आहे. चित्र म्हणजे कागद नव्हे," असं त्यांनी जाहीर केलं आणि ते एकदम चंदगडच्या बैठकीची वेळ झाली म्हणून निघाले. जाताना वायरीखालून वाकले.

अनुजानं फिल्म एक्केचाळीस फुटांवर थांबवली. माइक हातात घेतला. 

"काढते की. चित्रातनं काढायला काय, एक बटण. पण आधी बघा. गल्लीची लाईट बंद करत्यात त्रेचाळीस फुटाला. ही गटाराच्या कडंची वायर बघा. हिला मधी जोड हाय, चिकटपट्टीचा. पायरीवर पडलाय. त्या पायरीवर पाणी येतंय एक्केचाळीसला. मधले दोन फूट पाण्यात करंट ऱ्हाणार. त्याच पाण्यातनं आपण पोरं खांद्यावर घिऊन निघणार. ज्याची वायर हाय त्यानं हात वर करावा. म्हंजे मी चित्रातनं काढते, त्यानं खांबावरनं काढावी."

तीनशे माणसं बसली होती. एकही हात वर झाला नाही. पडद्यावरची पायरी तेवढी उजेडात चमकत होती. तिच्यावर टेकलेला चिकटपट्टीचा जोड दिसत होता, आणि त्या जोडातून फुटलेली एक बारीक वायर झरोक्यातून घरात गेलेली दिसत होती. आत फ्रीज असेल, किंवा टीव्ही. घर डाव्या हाताचं तिसरं. दार निळं.

त्या संध्याकाळी बंधाऱ्यावर सदतीस होतं आणि चढत होतं.

मग अनुजानं काय केलं सांगतो. तिनं दप्तरातून वीज कार्यालयाचा एक कोरा फॉर्म काढला, पावसात भिजू नये म्हणून पिशवीत घातला, छत्री उघडली आणि गल्ली ओलांडून समोर आली. पायरीवरचा जोड बघून उडी मारून वर चढली. आणि तिनं तुमच्या दाराची कडी वाजवली.